बिनम्हशीचा दूधवाला

सेंट्रिफ्यूजची घरघर थांबते, मी झाकण उघडतो. आठ खोबण्यांत आठ नळ्या. प्रत्येकीत खाली गोठून बसलेलं रक्त, वर सीरम. चांगलं सीरम कसं असतं हे नव्या पोराला समजवायचं तर मी म्हणतो, तुरीचं वरण न घोटता तसंच राहू दे, वर जी निवळ येते ती आठव. पिवळसर, आरपार. नळीमागे पेपर धरला तर मथळा सोडाच, खालचा बारीक मजकूरही वाचता आला पाहिजे. वाशिमात बावीस वर्षं लॅब चालवतो आहे. रोजच्या तीस-चाळीस नळ्यांतल्या बहुतेक अशाच निघतात आणि त्यांच्याकडे मी बघतसुद्धा नाही.

मग एखाद्या सकाळी त्या आठांत तो बसलेला असतो. पांढराशुभ्र. खाली लाल, वर दूध, मध्ये पट्टीनं मारल्यासारखी रेघ. नळी तिरकी केली की काचेला पातळ पांढरी झिलई धरतो आणि सावकाश खाली उतरतो. आमच्या लॅबमध्ये त्याचं नाव दूधवाला. "सर, दूधवाला आला," असं पोरगा आतून ओरडतो आणि बाहेर बाकावर उपाशीपोटी बसलेल्या पेशंटांना वाटतं, चला, चहाची सोय झाली.

कागदोपत्री त्याचं नाव ट्रायग्लिसराइड. रक्तातून फिरणारी चरबी. शंभर मिलिलिटरमागे १५० मिलिग्रॅमच्या आत असली तर ठीक, २०० पर्यंत उंबरठ्यावर, त्यापुढे जास्त आणि ५०० च्या वर फारच जास्त. डोळ्याला हे उशिरा कळतं. साधारण ३०० ओलांडले की सीरम तांदळाच्या धुवणासारखं गढूळतं आणि पेपरातला बारीक मजकूर जातो. सहाशे-सातशेला ताक. हजाराच्या पुढे मथळाही जातो. म्हणजे तो पांढरा दिसला तेव्हा बराच पुढे निघून गेलेला असतो. अडीचशेवाले निवळीतच लपून बसतात, आणि संख्येनं तेच जास्त.

त्याला पहिल्यांदा पाहिलं ते आमच्यासारख्या लॅबवाल्यांनी नव्हे. नस कापून रक्त काढणं हाच जेव्हा उपचार होता, तेव्हा वाडग्यात काढून ठेवलेल्या रक्तावर कधी कधी दूध तरंगायचं. अठराव्या शतकात लंडनच्या विल्यम ह्यूसननं ते नोंदवून ठेवलं, १८३० साली एडिंबरोच्या रॉबर्ट क्रिस्टिसननं त्याच्यावर सविस्तर लिहिलं. त्यांच्यापुढे वाडगा होता, माझ्यापुढे पाच मिलिलिटरची नळी आहे, इतकाच फरक.

साखरेच्या आजारात तो येतो, थायरॉइड मंदावलं की येतो, काही घराण्यांत पिढीजात असतो. पण माझ्या बाकावर जो येतो तो बहुतेक वेळा दारूचं बोट धरून. त्याचं पंचांगही ठरलेलं आहे. श्रावणात तो फारसा दिसत नाही. श्रावण पाळणारे महिनाभर बाटलीला शिवत नाहीत. श्रावणी अमावास्येला पोळा होतो, बैलांना पुरणपोळीचा घास जातो आणि दुसऱ्या दिवशी कर. करीला मटण आणि दारू. विदर्भाचा अनुशेष भरून निघायला किती वर्षं लागतील ती लागोत, हा महिनाभराचा अनुशेष आमच्याकडे एका संध्याकाळी भरून निघतो. त्यानंतरच्या आठवड्यात पोरगा आतून दोन-तीनदा तरी ओरडतो. पुढे सोयाबीनचे पैसे हातात आले की पुन्हा.

आठ वर्षांपूर्वी पोळ्यानंतरच्या अशाच एका आठवड्यात एक हमाल आला. बाजार समितीत पोती उचलणारा, चाळिशीच्या अलीकडचा. दंड इतका बारीक की रबर दोनदा गुंडाळावं लागलं. पोटात चमक निघते म्हणून डॉक्टरांनी बऱ्याच तपासण्या लिहून दिल्या होत्या. सिरिंजमध्ये रक्त आलं तेव्हाच माझा हात थबकला. टमाट्याच्या रश्श्यात ताक पडावं तसा रंग. अर्ध्या तासानं नळी फिरवून काढली, तेवढ्यात तो रिपोर्ट कधी मिळते म्हणून विचारायला आत डोकावला आणि त्याची नजर स्टँडवर गेली.

"भाऊ, हे दूध कोनाचं व्हय?"

"तुमचंच."

"माह्यं? मी काय म्हैस हाव का?"

मागून त्याची बायको आली. तिनं नळी पाहिली, नवऱ्याला पाहिलं. "घरी चाहाले दूध नाई भाऊ, काया चाहा पेतो आमी. अन् याच्या रगतात कुठून आलं?"

चरबी आहे म्हणालो तर तिला हसूच आलं. "चरबी? याच्या आंगावर? हाडकं मोजून घ्या याचे."

मराठीत चरबी चढते ती पैसेवाल्याला, माजलेल्याला. ज्वारीची भाकर आणि ठेचा खाऊन दिवसभर पोती वाहणाऱ्याला ती चढते हे भाषेलाच मान्य नाही. तेल-तूप किती खाता, हे आमचे रिसेप्शनवरचे ठरलेले प्रश्न त्यानं एका वाक्यात निकालात काढले होते: "कायचं तूप भाऊ!" फळं खाता का, या प्रश्नाला मात्र तो "रोज संत्रा" म्हणाला होता आणि नव्या मुलीनं इमानदारीनं तसं लिहून घेतलं होतं. ती मुंबईकडची. आमच्याकडे देशी दारूला संत्रा म्हणतात हे तिला कोण सांगणार?

त्या दिवशीचा आकडा १८४०. माझं यंत्र तेवढं वर मोजतच नाही. सलाइन घालून दहापट पातळ केलं, मोजलं आणि दहानं गुणलं.

आता हे दूध कुठून आलं? संत्र्याच्या बाटलीत चरबीचा एक कण नसतो. तिच्यावर ४२.८ टक्के असं छापलेलं असतं. १८० मिलिलिटरच्या एका पव्व्यात त्या हिशेबानं सुमारे ६० ग्रॅम अल्कोहोल येतं आणि ग्रॅमला सात कॅलरी धरल्या तर सव्वाचारशे कॅलरी. दोन पव्वे रोज, म्हणजे दोन वेळच्या भाकरींइतकं जळण. पण नुसत्या कॅलरीनं दूध होत नाही. हे मी त्याला त्याच्याच धंद्यातून समजावून सांगायचा प्रयत्न केला.

"हंगामात गेटासमोर गाड्या लागतात, अन् हमाल कमी पडले तं काय होते?"

"माल पडून राह्यते."

तसंच, म्हटलं. यकृत ही बाजार समिती. रोज तिथे चरबीची पोती येतात, हमाल ती उचलून भट्टीत टाकतात. दारू आली की तिचा माल आधी, असा तिथला कायदा आहे. कारण तिला ठेवायला शरीरात गोदाम नाही आणि तशीच हिंडू दिली तर ती विष. म्हणून सगळे हमाल तिच्याकडे पळतात. पुस्तकात या हमालाचं नाव एनएडी. पाठीवर हायड्रोजनचं पोतं पडलं की तो एनएडीएच होतो. दारूचं अ‍ॅसिटाल्डिहाइड होताना एक हमाल लादला जातो, त्याचं पुढे अ‍ॅसिटेट होताना आणखी एक. दोन पव्व्यांत सगळ्यांच्याच पाठी भरतात. चरबी जाळायला रिकाम्या पाठीचा हमाल लागतो, आणि तोच उरत नाही. चरबी पडून राहते. वर, भरलेल्या हमालांची ही गर्दी यकृताला नवी चरबी विणायलाही भाग पाडते. काही यकृतातच साचते, सोनोग्राफीवाले ज्याला फॅटी लिव्हर म्हणतात ती. उरलेली यकृत प्रथिनांत बांधून, ट्रकात भरून रक्तात सोडतं. पुढे स्नायूंच्या आणि मेदाच्या दारात ते ट्रक रिकामे करायला एक मापाडी बसलेला असतो, लायपोप्रोटीन लायपेज नावाचा. दारूच्या जोडीला रस्सा-मटण असेल तर आतड्याच्या गेटानं वेगळे ट्रक येतात आणि त्याच रांगेत लागतात. मापाडी एकच. तो आधीच दमलेला, दारूनं आणखी सुस्तावलेला.

"म्हन्जे जाम लागला," हमाल म्हणाला.

बरोबर. मी इतकी वर्षं हे सांगतोय, पण एका शब्दात मला कधी सांगता आलं नाही.

दारुड्याचं यकृत उपासमारीनं बिघडतं, दारूनं नव्हे, असं वैद्यकातही पुष्कळ वर्षं मानलं जात होतं. १९६० च्या दशकात न्यूयॉर्कच्या चार्ल्स लीबर यांनी माणसांना सकस आहार देऊन जोडीला दारू दिली आणि चरबी तरीही यकृतात साचते हे दाखवून दिलं. आमच्याकडे मात्र "पेल्यावर चांगलं खाल्लं पाह्यजे, मंग काई होत नाई" हा सिद्धांत अजून सुखरूप आहे.

हमालाच्या त्या पहिल्या नळीतलं थोडं सीरम मी रात्रभर फ्रीजमध्ये उभं करून ठेवलं होतं. ही जुनी तपासणी, यंत्र नसतानाची. आता कुणी करत नाही. मी करतो, मला बघायला आवडतं. सकाळी पाहिलं तर नळीत दोन मजले झालेले. वर बोटाच्या पेराएवढी नाही, पण नखाएवढी जाड साय, लोण्यासारखी. खाली एकसारखं गढूळ ताक. साय म्हणजे आतड्याच्या ट्रकांतला माल, करीच्या मटणाचा. बारा तासांच्या उपासानंतर तो रक्तात असायलाच नको होता, मापाड्याच्या दारात अडकून राहिला म्हणून सापडला. खालचं ताक यकृतानं घरी काढलेलं. पोराला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, "सर, याचं तूप निघेल का?" पोरं हुशार असतात, पण कुठल्या बाजूला हुशार असतील सांगता येत नाही.

त्याच हमालाच्या टोळीतल्या, त्याच्यासोबत बसणाऱ्या दुसऱ्याचं रक्तही मी तपासलं होतं. ट्रायग्लिसराइड १७०. पव्वे तेवढेच, रस्सा तोच. पिणाऱ्यांत थोडीबहुत वाढ पुष्कळांना होते, पण नळी पांढरी होईपर्यंत मजल जाते ती थोड्यांची. ज्याचा मापाडी जन्मतःच मंद आहे, ज्याला साखर आहे, ज्याचं पोट सुटलेलं आहे, त्याच्याकडे दूधवाला लवकर पोचतो. बाकीचे मग स्वतःच्या स्वच्छ रिपोर्टाकडे बोट दाखवून आणखी एक मागवतात.

असाच एक कंत्राटदार माझ्याकडे दरवर्षी येतो. परमिट रूमला बसणारा, इंग्लिश पिणारा. त्याचं सगळं लक्ष एचडीएलवर, म्हणजे 'चांगल्या' कोलेस्टेरॉलवर. ते दारूनं खरोखरच वाढतं; त्याचं ६८ असतं. तो आकडा लाल शाईनं गोल करून तो बायकोला दाखवतो म्हणे. पण दारूनं वाढवलेल्या या एचडीएलनं हृदय वाचतं असं काही सिद्ध झालेलं नाही, आणि दारूचं सुरक्षित असं कुठलंच प्रमाण नाही हे जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ च्या जानेवारीत स्पष्ट सांगितलं. हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "तुमी पेत नाई म्हनून तुमाले तसं वाटते."

दूधवाल्याचा स्वभाव सांगायचा तर तो शेजाऱ्यांना नीट काम करू देत नाही. आमची यंत्रं नळीतून उजेड पाठवतात आणि पलीकडे किती पोचला त्यावरून हिशेब करतात. हा उजेडच विखरून टाकतो. एकदा तर हडकुळ्या, निस्तेज माणसाचं हिमोग्लोबिन १९ दाखवलं. एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, काढायचं फ्रीडवाल्ड यांचं १९७२ चं सूत्र पुष्कळ लॅब वापरतात. त्यात ट्रायग्लिसराइडला पाचानं भागून वजा करतात. आकडा ४०० च्या पुढे गेला की सूत्र कोलमडतं. नव्या पोरानं एकदा तसंच चालवलं आणि एलडीएल उणे आलं. सोडियमचंही तेच. मीठ राहतं पाण्यात. नळीतली जागा चरबीनं अडवली की तेवढ्याच मापात पाणी कमी भरतं, आणि काही यंत्रांना वाटतं माणसाचं सोडियम घसरलं. मग रिपोर्टखाली एक ओळ टाइप करावी लागते: सीरम दुधाळ आहे, निष्कर्ष जपून वापरावेत.

त्याची ही खोड एकदा जिवावर आली होती. पहिल्या भेटीनंतर तीन वर्षांनी, रात्री अकराला फोन आला. तोच हमाल. बेंबीच्या वर असह्य दुखणं, पाठीत आरपार जाणारं, पुढे वाकून बसल्याशिवाय चैन नाही. डॉक्टरांना स्वादुपिंडाची शंका. त्यासाठी अमायलेजची तपासणी तातडीनं हवी. मी नळी फिरवली. पांढरीफटक. अमायलेज आलं ८८, म्हणजे ठणठणीत. रात्री अकराला ठणठणीत आकडा आला की हात फोनकडे जातोच. पण दुधाळ सीरममध्ये अमायलेज खोटं नॉर्मल दिसू शकतं हे वाचलेलं होतं. पातळ करून लावलं, आणखी पातळ करून लावलं. हजाराच्या घरात निघालं. ट्रायग्लिसराइड २६००. हजाराच्या पुढे गेलेली ही चरबी स्वादुपिंडाच्या बारीक नसांत फुटते, तिच्यातून सुटणारी आम्लं त्या अवयवालाच भाजतात. शिवाय दारूचं स्वादुपिंडाशी स्वतःचं वेगळं वैर आहेच. रातोरात मालेगाव, पातूर करत त्याला अकोल्याला नेलं. वाशिमात तेव्हा मेडिकल कॉलेज नव्हतं, ते आलं २०२४ मध्ये.

आमच्या गावाचं जुनं नाव वत्सगुल्म, वाकाटकांची राजधानी. वत्स म्हणजे वासरू, आणि वैद्यकात गुल्म म्हणजे पोटातला गोळा. दूध आणि पोटदुखी दोन्ही नावातच आहेत. खरी कथा वत्स ऋषींची आहे हे मला ठाऊक आहे. माझी ही फोड धंद्याच्या नादातली.

अकोल्याहून परतल्यावर तो तीन आठवडे प्यायला नाही. आणि तीन आठवड्यांनी आलेली नळी पाहून मीच चक्रावलो. निवळ. २१२. दूधवाल्याचा हा एक गुण मानावा लागेल, तो डूख धरत नाही. दारू थांबली की काही दिवसांत आवरायला लागतो, दोन-तीन आठवड्यांत बहुतेक चंबूगबाळं उचलून निघालेला असतो. ही वाईट खोड म्हणायची की चांगली, ते मी ठरवू शकलेलो नाही. कारण हमालानं निवळ सीरम पाहिलं, "झालं भाऊ साफ," म्हणाला, आणि पोळा आला.

पुढची चार-पाच वर्षं आमचं असं येणं-जाणं चालू होतं. १४००. श्रावणात १९०. परत ९००. एकदा नळी पिवळट पांढरी आली, कोजागरीच्या केशरी दुधासारखी. त्या वेळी त्याचे डोळेही पिवळे होते आणि हिमोग्लोबिन आठवर उतरलं होतं. कावीळ, दुधाळ सीरम आणि फुटत जाणारं रक्त अशी तिहेरी गाठ अमेरिकेतल्या मिनिआपोलिसच्या लेस्ली झीव्ह यांनी १९५८ साली पिणाऱ्यांत नोंदवली होती. पुस्तकात वाचलेलं नळीत पाहायला मिळालं की आमच्या जातीला एक चोरटा आनंद होतो. तो झाला, खोटं कशाला बोलू.

यंदा पोळ्यानंतरच्या आठवड्यात त्याचं नाव नोंदवहीत दिसलं. तो स्वतः आला नव्हता, घरी जाऊन पोरानं रक्त आणलं होतं. "पोट हे एवढं झालंय सर, पाणी भरलंय," म्हणाला. नळी फिरवली. मी झाकण उघडताना दुधाच्याच तयारीत होतो, पातळ करायला सलाइनची बाटलीही पुढे ओढली होती.

सीरम लख्ख होतं. हळदीच्या पाण्यासारखं गडद पिवळं, आणि आरपार. पेपर धरला, बारीक मजकूर वाचता आला. यंत्रानं पहिल्याच फेरीत सगळं मोजून दिलं. ट्रायग्लिसराइड ६८, कोलेस्टेरॉल ९२. एलडीएल सूत्रानं मुकाट्यानं निघालं.

चरबी बांधून, ट्रकात भरून पाठवायची तर त्यासाठी चालतं यकृत लागतं. बांधायची प्रथिनं तेच बनवतं, कोलेस्टेरॉल तेच बनवतं. ते सुरकुतून दगड झालं की बाजार समितीचं गेटच बंद होतं. घरात म्हैस आटली तर पुढच्या वेतापर्यंत वाट तरी बघता येते.

रिपोर्ट न्यायला त्याची बायको आली. आठ वर्षांत तिचे केस पिकले होते. तिनं खिडकीतून आत स्टँडकडे पाहिलं. कुठली नळी बघायची हे तिला अजून आठवत होतं.

"हे व्हय का याचं?"

"हो."

"दूध गेलं नं भाऊ?"

"गेलं," मी म्हणालो.

पहिल्या पानावर चरबीचे सगळे आकडे होते, एकही ठळक छापलेला नव्हता. बिलिरुबिन दुसऱ्या पानावर होतं, ९.४, आणि त्याखाली अल्ब्युमिन १.९. तिनं दोन्ही पानं जुळवली, पहिलं पान बाहेर येईल अशी घडी घातली आणि पिशवीत ठेवली.